पिल्लाची कातडी सोलवटते तेव्हा या चुका टाळा

ठाण्यात मांजरांची बेवारस पिल्ले सांभाळताना एक चूक मी वारंवार पाहत आले आहे: पंजांच्या गाद्या सोलवटलेल्या पिल्लाला 'पावसाळ्यातले गजकर्ण' ठरवून मलम चोळणे. गजकर्णात केस झडून खपल्या धरतात. पण कोवळ्या वयातच जिभेवर व हिरड्यांवर जखमा दिसत असतील आणि नखे गळून पडत असतील, तर 'एपिडर्मोलायसिस बुलोसा' या आनुवंशिक विकाराची शंका घ्यायलाच हवी. यात कातडीच्या वरच्या थराला खालच्या थराशी बांधून ठेवणारी प्रथिने सदोष असतात आणि साध्या घर्षणानेही फोड येतात. मांजरात फोड लगेच फुटतो, म्हणून आपल्याला दिसतो तो फक्त व्रण. अशा कातडीवर मलम चोळणे म्हणजे नवी जखम करणे होय.

कळव्याच्या एका पिल्लाला एका दवाखान्यात सलाइन लावताना सुईवर चिकटपट्टी बसवली होती. दुसऱ्या दिवशी ती ओढताच केसांसह कातडीचा पापुद्रा निघून आला. नंतर रोगप्रतिकारशक्तीचा बिघाड समजून त्याला कित्येक आठवडे स्टेरॉइड दिले गेले. बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेला कातडीचा, तुकडाही जुन्या व्रणाच्या मधोमधून घेतल्यामुळे अहवालातून केवळ सूज कळली, कारण तिथे वरचा थर उरलेलाच नव्हता. ताज्या जखमेच्या कडेचा तुकडा पाठवल्यावर दोन थर सुटल्याचे स्पष्ट दिसले. तेव्हापासून तुकडा कुठून घेणार हे मी आधीच विचारते, आणि पट्टीऐवजी न चिकटणारी जाळी व सैल बँडेज मागते. तोंडात व्रण करणाऱ्या कॅलिसीव्हायरस या मांजरांच्या विषाणूची तपासणीही टाळू नये. दोन दिवसांत गुण हवा म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांचा मला राग येतो, कारण दरवेळी निदान पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

वेदनेसाठी माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरासाठी ती प्राणघातक आहे. फिनाइलने लादी पुसू नका. गळ्यातला पट्टा काढा, अन्न मऊ द्या, अंथरूण मऊ ठेवा. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही, हे पाळणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

आईबाप धडधाकट आहेत म्हणून दोष त्यांच्याकडून आला नाही, असे मानणे ही सर्वांत महाग चूक. दोघेही वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण सदोष जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. कळव्याच्या त्या पिल्लाचे आईबाप सख्खी भावंडे होती. नवी मुंबईत घरच्या घरी पर्शियन पिल्ले विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, असे एक जरी पिल्लू जन्मले तरी ती जोडी पुन्हा लावू नये आणि आईबापांसह सर्व भावंडांची नसबंदी करून घ्यावी.