युरोपला गोळ्या-बिस्किटे निर्यात करण्यापूर्वी नॅनो-घटकांची तपासणी कशी करावी

सर्वप्रथम पाककृतीत टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे ई 171 या क्रमांकाचा पांढरा खाद्यरंग, आहे का ते पाहावे. खाद्यपदार्थांत त्याच्या वापरावर फ्रान्सने 2020 पासूनच बंदी घातली होती; युरोपीय संघाने ती 2022 मध्ये घातली, कारण त्यातील अतिसूक्ष्म (नॅनो) कणांमुळे जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये स्पष्ट केले होते. हा पांढरा रंग बहुधा तयार आयसिंग, गोळ्यांचे चकचकीत आवरण किंवा सजावटीचे रंगीत दाणे यांतून नकळत येतो. म्हणून केवळ स्वतःच्या पाककृतीवर न विसंबता प्रत्येक पुरवठादाराकडून घटकांची संपूर्ण यादी लेखी मागवावी.

इतर भुकटीरूप घटकांसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेल्या कणमापनाचा अहवाल घ्यावा. ‘फूड ग्रेड’ हा शिक्का येथे पुरेसा नाही. एखादा घटक हेतुपुरस्सर सुमारे 100 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) किंवा त्याहून लहान आकारात बनवलेला असल्यास, पूर्वपरवानगीची गरज तपासून वेष्टनावर त्याच्या नावानंतर कंसात ‘नॅनो’ असे छापावे लागते. परवानगीच्या अर्जात तो आतड्यात विरघळतो की कणरूपातच राहतो, याचे पुरावे विशेष महत्त्वाचे ठरतात.