फोमची तलवार विकत घेण्याआधी

लार्प म्हणजे मध्ययुगीन योद्धा, जादूगार अशी भूमिका घेऊन मैदानात प्रत्यक्ष खेळायचा खेळ. त्यात उतरायचं ठरलं की पहिली ओढ तलवारीची असते. ती जरा आवरा. आधी आपल्या गटाचे नियम वाचा: शस्त्राची लांबी, फोमची जाडी, डोक्यावर वार चालतो की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. बरेच गट नवख्यांना शस्त्र उसनं देतात. मागायला अजिबात संकोच करू नका.

हातात आलं की तपासा. आत बहुधा फायबरग्लासची कांडी असते, टोकाला नुसता फोम. टोक अंगठ्याने दाबून बघा. कडक काही लागलं तर ती तलवार बाजूलाच ठेवा. फोमवर लेटेक्सचा, म्हणजे पातळ रबराचा, लेप दिलेलं पातं टोकावर टेकवून उभं करू नका, कांडी फोम फाडून बाहेर येऊ शकते.

वार खांद्यातून ताकदीने नको. अंगाला लागायच्या क्षणी मनगट आवरायचं. ही सवय मुरायला वेळ लागतो, पण चांगला खेळाडू माझ्या मते इथेच ओळखू येतो.

पोशाखाला सैल अंगरखा आणि पट्टा पुरे. बूट मात्र घोट्याला आधार देणारेच घ्या, खाचखळग्यांतून धावताना पाय सहज मुरगळतो.