निर्वासिताच्या दाव्यासाठी अहवाल कसे शोधावेत

मूट कोर्टात, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, निर्वासिताची बाजू आली की जो तो सांगतो, “विश्वसनीय स्रोत वापर.” म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. सांगलीत दरवर्षी ज्युनिअर मुलांचे मसुदे वाचून माझे डोळे शिणलेत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

“अफगाणिस्तानातली परिस्थिती” हा शोधाचा विषय होत नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात छळाची कारणं पाचच आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. आपला माणूस कशात बसतो, कुठल्या प्रांतातला, भीती कुणाची, हे एका ओळीत लिहा.

शोधायला रेफवर्ल्ड आणि ईकोई डॉट नेट ही दोन संकेतस्थळं पुरतात; माणूस ज्या देशातून पळाला तिथल्या परिस्थितीवरचे अहवाल त्यांवर मिळतात. दुसरं ऑस्ट्रियन रेड क्रॉस चालवतं. दोन्ही फुकट.

आता खरी मेख. तिसऱ्या वर्षाला असताना मी एकाच मुद्द्याखाली तीन अहवाल ठोकले आणि खुशीत उभी राहिले. न्यायाधीश म्हणून बसलेल्या मॅडमनी विचारलं, “हे तीन आहेत, की एकच?” माझी दातखीळ बसली. घरी येऊन तळटीपा उघडल्या. सरकारी अहवालात संस्थेचा हवाला, संस्थेच्या अहवालात बातमीचा, आणि बातमीत नुसतं “स्थानिकांनी सांगितले”. मार्केट यार्डात तिघांनी हळदीचा एकच भाव सांगितला, पण तिघांनीही तो एकाच अडत्याकडून ऐकलेला असला, तर त्या भावावर कुठला शेतकरी पोती काढेल?

तेव्हापासून मी प्रिंट काढते आणि समासात पेन्सिलीने बाण मारते: वाक्यावरून तळटीप, तिथून तिचा मूळ कागद, असं मागे मागे. ज्याने स्वतः पाहिलं किंवा पीडिताशी बोलणं केलं, त्याच्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबायचं नाही. दोन बाण एकाच जागी येऊन मिळाले, की स्रोत एकच धरा. कितीही जीव तुटला तरी.

मूळ कागद हाती आला की माहिती कशी गोळा केली तो भाग आधी वाचा. म्यानमारने संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाला देशात येऊच दिलं नाही. २०१८ च्या अहवालात मंडळाने हे सरळ सांगितलंय, आणि पीडित व साक्षीदारांच्या ८७५ मुलाखती घेतल्याचंही. आपली अडचण लपवत नाही, अशा कागदावर मी भिस्त ठेवते. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा वार्षिक अहवाल मुलांना फार प्रिय, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. २०२४ सालचा तर आधीच्यांपेक्षा बराच आखूड आहे.

छापल्याची तारीख आणि घटनेची तारीख वेगळी असते. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं; त्याआधीचं काबूल आजच्या भीतीबद्दल फारसं सांगत नाही.

आपल्या विरुद्ध जाणारा परिच्छेद सापडला तर तो आपणच मांडा, नाहीतर समोरचा मांडतो. काहीच सापडलं नाही, तर “असं घडत नाही” असं लिहू नका. कुठे, कधी शोधलं ते लिहा. आणि पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा, लिंक मरतात.