प्रोसेस कोअरला बांधणारी स्क्रिप्ट: या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरवर प्रोसेस (चालू प्रोग्राम) प्रोसेसरच्या ठरावीक कोअरला बांधणाऱ्या स्क्रिप्टांचा साचा बहुतेक एकच असतो. पीएस चालवून प्रोसेसची यादी घ्या, ग्रेपने नाव शोधा, ऑकने पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढा, मग लूप लावून एकेकावर टास्कसेट, म्हणजे कोअरला बांधणारी कमांड. वर ग्रेप स्वतःलाच शोधून काढतो म्हणून आणखी एक ग्रेप! यातलं बरंचसं मुळात नकोच असतं.

कोअरचं बंधन वारशाने मिळतं. पालक प्रोसेसला बांधलं की तिच्यातून निघणाऱ्या प्रोसेस आणि थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) तेच बंधन घेऊन येतात. म्हणून प्रोग्राम सुरू करतानाच आधी 'टास्कसेट -सी 2,3' लावा, संपलं. स्क्रिप्टच्या आतच हवं असेल तर सुरुवातीला 'टास्कसेट -सीपी 2,3 $$' लिहा. $$ म्हणजे चालू शेलचा पीआयडी. सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी, सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस असेल तर स्क्रिप्टही नको, युनिट फाइलमध्ये 'सीपीयूअफिनिटी=2 3' पुरतं.

आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला बांधताना मात्र टास्कसेटचा -ए विसरू नका. नाहीतर फक्त मुख्य थ्रेड बांधला जातो आणि जावाचे बाकीचे थ्रेड सगळ्या कोअरवर मोकाट फिरत राहतात.

सगळ्यात वाईट फसवते ती -सी गाळण्याची चूक. 'टास्कसेट -पी 10' आणि पुढे पीआयडी दिला की वाटतं, प्रोसेस 10 नंबरच्या कोअरवर गेली. पण -सी नसेल तर 10 हा हेक्स मास्क असतो, म्हणजे सोळा-आधारी आकडा, ज्याचा प्रत्येक बिट एकेका कोअरचा. बायनरीत 10000, म्हणजे कोअर 4, कारण मोजणी शून्यापासून. कोअर 4 मशीनवर असेल तर एरर येत नाही. उलट नवा मास्क म्हणून स्क्रीनवर 10 च छापून येतं, त्यामुळे शंकाही येत नाही. खात्री करायची तर 'टास्कसेट -सीपी' आणि पीआयडी द्या, कोअरची यादी सरळ दिसते. पीएसच्या पीएसआर कॉलमवर विसंबू नका. तो प्रोसेस कुठल्या कोअरवर आहे ते दाखवतो, कुठे कुठे जाऊ शकते ते नाही.

'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' आलं तर तो कोअर मशीनवर नसतो, किंवा कंटेनरला दिलेला नसतो.

स्क्रिप्ट एनप्रॉक कमांडने कोअर मोजत असेल तर क्रम बघा. बांधल्यानंतर विचारलंत तर 8 कोअरच्या मशीनवरही उत्तर 2 येईल. सगळे मोजायला '--ऑल' लागतं. हायपरथ्रेडिंग (एक खरा कोअर दोन सीपीयू म्हणून दिसणं) असेल तर 'एलएससीपीयू -ई'मधला कोअर कॉलमही पाहा. दोन वेगळे सीपीयू नंबर एकाच खऱ्या कोअरचे निघू शकतात.

हे सगळं बरोबर करूनही वेग वाढला नाही, तर त्या कोअरवर दुसरं कोण चालतंय ते तपासा. टास्कसेट तुमच्या प्रोसेसला बांधतो, इतरांना हटवत नाही. त्यासाठी बूट पॅरामीटरमध्ये आयसोलसीपीयूज किंवा सीग्रुपचा (प्रोसेसचे गट करून त्यांना साधनं वाटून देणारी सोय) सीपीयूसेट लागतो.