सौर प्रकल्पातील पॅनेल कमी पाण्यात कशी धुवावीत

मे महिन्यात गावाला टँकरने पाणी येत असताना शेजारच्या सौर प्रकल्पात बोअरवेल सतत चालू असणे गावकऱ्यांना पटणार नाही, आणि ते पटूही नये. म्हणून पश्चिम विदर्भात पॅनेल धुण्याचे नियोजन पाण्यापासून सुरू करावे.

5 मेगावॉटच्या प्रकल्पात 540 वॉटची सुमारे 9,300 पॅनेल असतात. प्रत्येकी 2 लिटर धरले तरी एका धुण्याला साडेअठरा हजार लिटर पाणी लागते. ऑक्टोबर ते मे महिन्यातून दोनदा धुतल्यास ते 3 लाख लिटरच्या आसपास जाते. प्रकल्पाच्या आवारातच प्लास्टिक अस्तराचे शेततळे घेतले, तर ही गरज पावसाच्या पाण्यावर भागू शकते. 25 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे 12 लाख लिटर पाणी मावते. त्यातील निम्म्याहून अधिक उन्हाने उडून जाईल असे गृहीत धरूनच आकार ठरवावा.

शेततळ्याचा दुसरा लाभ, म्हणजे कमी क्षारांचे पाणी, मला अधिक मोलाचा वाटतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट आहे. असे पाणी काचेवर वाळले की क्षारांचा पांढरा थर उरतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो. पाणी वापरण्यापूर्वी त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजून पॅनेल उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. मीटर हाताशी नसेल तर काचेच्या तुकड्यावर थोडे पाणी उन्हात वाळू द्यावे. पांढरे वर्तुळ स्पष्ट दिसले तर ते पाणी वापरू नये.

किती दिवसांनी धुवावे, हे कॅलेंडरवरून ठरवू नये. सोयाबीनची मळणी, फेब्रुवारी-मार्चमधील तूर-हरभऱ्याची मळणी आणि उन्हाळ्यातील नांगरट या काळात धूळ झपाट्याने बसते, तर पावसाळ्यात बहुतेक काम पाऊसच करतो. मात्र धुळीवर पडलेला अवकाळी शिडकावा चिखलाचे डाग सोडून जातो. धुण्याची वेळ ठरवण्यासाठी शेजारच्या दोन सारख्या स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा) निवडून एक सतत स्वच्छ ठेवावी आणि निरभ्र दुपारी वायरभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने दोन्हींचा करंट मोजावा. फरक 4 टक्क्यांवर गेला की धुणे काढावे. दिवसाला 22 हजार युनिट देणाऱ्या प्रकल्पात एवढा फरक म्हणजे रोज जवळपास 900 युनिटचे नुकसान होय.

काम उजाडताच सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावे. दुपारी काच 60 अंशांहून अधिक तापलेली असते. तिच्यावर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते, शिवाय पाणी पुसण्याआधीच वाळते. अंधारात मात्र काम टाळावे, कारण रांगांखालच्या गवतात साप असतात. प्रथम कोरड्या मऊ ब्रशने धूळ वरून खाली ओढावी, मग थोडे पाणी सोडून रबरी पट्टीने निपटून घ्यावे. साबण, घासणी किंवा तारेचा ब्रश वापरल्यास काचेवरील परावर्तनरोधक थर खराब होतो. पॅनेलवर पाय देऊन कोणीही चढू नये. वरून काच शाबूत दिसली तरी आतील सेलना, म्हणजे वीज तयार करणाऱ्या पातळ चकत्यांना, बारीक तडे जातात.

काम करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी: इन्व्हर्टर बंद केला तरी प्रकाश पडताच पॅनेलमध्ये वीज तयार होते आणि स्ट्रिंगमध्ये 1,000 ते 1,500 व्होल्टपर्यंत डीसी दाब असू शकतो. काच फुटलेली, वायर सोललेली किंवा कनेक्टर जमिनीवर लोंबणारी पॅनेल आदल्या दिवशीच खूण करून ठेवावीत, त्यांवर पाणी टाकू नये आणि दुरुस्ती विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. रोजंदारीवर आलेल्या प्रत्येकाला रबरी बूट व हातमोजे मिळाल्याशिवाय रांगेत सोडू नये.

पक्ष्यांच्या विष्ठेसाठी पूर्ण धुण्याची वाट पाहू नये. झाकलेला सेल तापून तिथे कायमचा डाग पडू शकतो. ओल्या फडक्याने तेवढी जागा पुसायला अर्धा पेला पाणी पुरते.