पिनकोडमागचं 'पॉइंट शून्य'

बडोद्यातल्या आमच्या मंडळाची सभासद-यादी पांडाजमध्ये (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली, तक्ते हाताळणारी लायब्ररी) उघडली की दांडिया बाजारचा ३९०००१ हा ३९०००१.० होऊन बसायचा आणि पाकिटांवरची लेबलंही तशीच छापली जायची. रकान्यात एकच घर रिकामं असलं तरी पांडाज तिथे 'नॅन' ('नॉट अ नंबर', रिकाम्या जागेची खूण) भरतं. नॅन हा फ्लोट, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांचा प्रकार, म्हणून अख्खा रकाना फ्लोट६४ (६४ बिटांचा फ्लोट).

पिनकोडचं निस्तरता येतं, १६ आकडी पावती क्रमांकाचं नाही. फ्लोट६४ मध्ये ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३ वा घात, इथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. शेवटी ९९३ असलेल्या पुढच्या क्रमांकाचा गुपचूप ९९२ होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि नंतर एसटाइप (रकान्याचा प्रकार बदलणारी आज्ञा) लावून गेलेला आकडा परत येत नाही. म्हणून वाचतानाच, रीड_सीएसव्ही या फाइल वाचणाऱ्या आज्ञेच्या डीटाइपमध्ये (रकान्याचा प्रकार) दोन्ही रकान्यांना 'एसटीआर', म्हणजे स्ट्रिंग किंवा मजकूर, द्या. (सुरुवातीचं शून्य असेल तर तेही टिकतं.) लेबलांवर 'नॅन' उमटू नये म्हणून त्याच रकान्यांवर फिलएनए (रिकाम्या जागा भरणारी आज्ञा), रिकाम्या स्ट्रिंगसह.

वर्गणीची बेरीज लागतेच, तिथे 'इंट६४' हा पूर्णांकांचा प्रकार, पण आय कॅपिटल. स्मॉल आयचा रिकामं घर दिसताच एरर देतो. लेफ्ट मर्जनंतर (डावीकडच्या तक्त्याच्या सगळ्या ओळी ठेवून दुसरा तक्ता जोडणं) डीटाइप्स पुन्हा पाहा: जोडी न मिळालेल्या ओळींमुळे साधा इंट परत फ्लोट होतो.