हेडर समोर आहे, तरी टाइप सापडेना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्यासाठी मी सी भाषेत वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहितोय. परवा जीसीसी, म्हणजे सीचा कंपाइलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम), अडून बसला: 'अननोन टाइप नेम पोते', म्हणजे 'पोते' हा डेटाचा प्रकार (टाइप) त्याला माहीतच नाही. तो टाइप ज्या हेडरमध्ये, म्हणजे व्याख्यांच्या फाइलीत, लिहिलाय ती पोते डॉट एच तर वर तिसऱ्याच ओळीत इन्क्लूड केलेली, म्हणजे जोडलेली! स्पेलिंग बरोबर, पाथ बरोबर. पावती छापायची फाइल मात्र तीच हेडर घेऊन बिनतक्रार कंपाइल होत होती.

दोन तास गेले. शेवटी इन्क्लूडचा क्रम उलटा केला, तर पोते सापडलं आणि दुसऱ्या हेडरमधला, वजन डॉट एचमधला, 'वजन' टाइप हरवला. म्हणजे दोन हेडर एकमेकींच्या आड येत होत्या.

मग नुसता प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइलच्या आधी हेडरचा मजकूर फाइलीत ओतणारा टप्पा, चालवला. जीसीसीला हायफन आणि मोठा ई द्यायचा. शेकडो ओळींच्या तळाशी पोते डॉट एचचं नाव असलेली, # ने सुरू होणारी खूण दिसली आणि तिच्याखाली लगेच माझीच मूळ फाइल. मध्ये काहीच नाही. हेडर उघडली होती, पण आतला मजकूर गाळला गेला होता.

पोते डॉट एच मी वजन डॉट एचची कॉपी करून बनवली होती आणि इफएनडेफमधलं ('हे नाव अजून डिफाइन नसेल तरच पुढचं घे') गार्डचं, म्हणजे एकच हेडर दोनदा येऊ न देणाऱ्या राखणीचं, नाव तेच राहिलं होतं. पहिल्या हेडरने ते नाव डिफाइन केलं की दुसरी अख्खी वगळली जाते. नियमाने ते बरोबरच, म्हणून प्रीप्रोसेसर चकार शब्द काढत नाही. पावतीच्या फाइलीत वजन डॉट एच नव्हतीच.

दोन ओळी बदलल्या, काम झालं. गार्डऐवजी लिहायची 'प्राग्मा वन्स' ही ओळ जीसीसी आणि क्लँग (सीचा दुसरा कंपाइलर) दोन्हींत चालते, पण ती सीच्या स्टँडर्डमध्ये नाही. मी गार्डच ठेवलेत, त्यांची नावं फाइलच्या नावावरून.